मायक्रोवॅटकाका

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जे काका राहतात त्यांच्या दारावर नावाची पाटी आहे. ती कोणी वाचत नाही. सगळे त्यांना मायक्रोवॅटकाका म्हणतात आणि तेही या हाकेला ओ देतात.

काकांना चिक्कू म्हणणं हा अन्याय आहे. पंधरा रुपयांचा पेन्सिल सेल वाचवण्यासाठी हा माणूस लॅमिंग्टन रोडवरून दीड हजाराचं सामान टॅक्सीत घालून आणतो. त्यांचा जीव तुटतो तो फुकट जाणाऱ्या गोष्टींसाठी. काकू झोपाळ्यावर बसल्या की आपल्याला कड्यांची कुरकुर ऐकू येते. काकांच्या डोळ्यांपुढून तिथे वीज वाहून जात असते. ट्यूबलाइटचा उजेड भिंतीवर पडून ‘मरतो’, म्हणून भिंतीवर जुन्या कॅल्क्युलेटरांच्या सोलर पट्ट्यांचं तोरण. घरातल्या उजेडात चौरस सेंटिमीटरमागे दहा-वीस मायक्रोवॅट हाती लागले तरी नशीब. पण थेंबे थेंबे तळे साचतं यावर काकांची श्रद्धा आहे, आणि त्यांचं तळं म्हणजे बोटाएवढा कपॅसिटर.

गच्चीवर त्यांनी एक लांब तांब्याची तार ताणली. तिला ना सेल, ना प्लग. डायोड आणि इअरफोन जोडला की आकाशवाणीच्या लहरींवरच रेडिओ बोलतो. खरंच बोलतो, मी ऐकलाय. दुसऱ्या दिवशी वरच्या वहिनींनी तारेवर दोन ओल्या साड्या वाळत घातल्या आणि अस्मिता वाहिनी बसली.

एकदा सकाळी गेलो तर काका स्वयंपाकघरात होते. काकूंनी खटकन लायटर दाबला.

“बघ, १८८० साली क्युरी बंधूंनी शोधलं ते हे! स्फटिक दाबला की वीज. सेल लागतो का लायटरला?”

“भात लावू का?” काकू म्हणाल्या.

कुकरच्या झाकणावर पेल्टियरची चौकोनी चकती दोऱ्याने बांधलेली. तिच्या दोन तारा एका लाल एलईडीला. चकतीची एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की वीज वाहते, ही १८२१ सालची झेबेकची करामत. पहिली शिट्टी झाली. दिवा लागेना, कारण चकतीच्या दोन्ही बाजू सारख्याच तापलेल्या. काकांनी धावत जाऊन बर्फाची वाटी आणली, चकतीवर ठेवली, आणि दुसऱ्या शिट्टीला दिवा पेटला! मोहरीएवढा, पण पेटला. काकांचे डोळे भरून आले. वाफेने असेल.

“अहो,” काकू वाटीकडे बघत म्हणाल्या, “बर्फ होतो कशावर?”

फ्रिज तेवढ्यात घुर्र करून चालू झाला. काका डायरीत काहीतरी लिहीत राहिले.

मीही एकदा हिशेब मांडला होता. म्हटलं, तुमची सोल्डरिंग गन २५ वॅटची, म्हणजे अडीच कोटी मायक्रोवॅट, आणि ती दिवसभर तापलेली. त्यांनी माझ्याकडे देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग टोकियो स्टेशन काढलं. तिथल्या रेल्वेने २००६ साली तिकीट-फाटकांपाशी पावलांवर वीज करून पाहिली, आणि आमच्या दादरच्या पुलावर एवढी पावलं नुसती आपटतात! त्या प्रत्येक पावलामागची शक्ती कोणाच्या तरी पोटातल्या वडापावातून येते, म्हणजे तीही फुकट नाही, हे मी बोललो नाही. चहा यायचा होता.

हल्ली त्यांनी बिनसेलची बेल बसवली आहे. बटण दाबण्याच्या जोरावरच ती वाजते, म्हणजे वाजायला हवी. बटण इतकं घट्ट की दूधवाला दोनदा अंगठा टेकवतो आणि सरळ दार बडवतो. एवढे धक्के वाया कसे जाऊ द्यायचे? दाराला आतून आता लायटरमधल्यासारखी पिझोची चकती चिकटवली आहे. परवा मी पेपर परत द्यायला गेलो, पाच मिनिटं दार ठोकत होतो. आत मीटर धरून काका उभे होते, आणि फटीतून आवाज येत होता,

“जरा जोरात! जरा जोरात! अजून दोन व्होल्ट!”