सिंगल हँड, डॉक्टरांची

सोलापुरात जुनी ओम्नी विकायला निघाली की ती डॉक्टरांचीच असते. ‘सिंगल हँड, साहेब. फक्त पौर्णिमेला तुळजापूर.’ मारुतीने 2019 मध्ये ओम्नी बनवणं थांबवलं, पण दलालाकडची गाडी दरवर्षी तरुण होत जाते. मागची सीट काढलेली, कोपऱ्यात सुताचे तुकडे. डॉक्टर बहुधा अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग तपासायला जात असावेत.

घेणाराही कमी नाही. ‘दारात कार आहेच, ही फक्त मालाला,’ असं घरी सांगतो. मग 796 सीसीच्या इंजिनावर चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचतो, उरलेले टपावर. रविवारी त्याच जागेत सतरंजी टाकून अख्खं घर अक्कलकोटला, स्वामींच्या दर्शनाला. कार मात्र उन्हात रंग जातो म्हणून झाकलेली! पाटी पांढरी, गठ्ठे शेजाऱ्याचेही, तेही भाड्याने. त्याला आपण ओळखीतली मदत म्हणतो.

घ्यायचीच असेल तर एवढं करा. पैसे मोजण्याआधी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, आरसीवरचं नाव नीट वाचा आणि 15 वर्षं उलटली असतील तर पुनर्नोंदणी झाली का, तेही विचारा.