भिंतीला मोरी

आषाढात माझ्या लॉनवर बेडूक राहायला आला आणि आबांना विषय मिळाला.

आमच्या दोन घरांमध्ये साडेचार फुटांची कंपाउंड वॉल आहे. सकाळी तिच्यावर कोपरं टेकून आबा चहा पितात आणि माझा कप भिंतीच्या अलीकडे असतो. जळगावातल्या निम्म्या बातम्या मला अशाच कळतात, उरलेल्या निम्म्या त्यांच्या बायकोकडून, माईंकडून, त्याही दुरुस्त करून.

"बाई, लॉन केलं का शेततळं? अनुदानाचा अर्ज टाका, मंजूर होईल."

मी हसले. पण आबांची नजर पार कोपऱ्यात गेली होती. तिथं गवत पिवळं पडून पाण्यात झोपलं होतं आणि त्यातून लव्हाळा मात्र ताठ उभा होता. पाणी साचणाऱ्या जागी तो सांगून येतो.

"गंमत बघा आबा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, पाण्याला टँकर. वर्षाचा पाऊस मोजला तर सातशे मिलिमीटरच्या अलीकडेच. आणि मी रडते कशासाठी, तर पाणी जास्त झालं म्हणून!"

"आमच्या धुळ्याकडे तर याहून कमी. तिथंही साचतंच. पावसानं काही होत नाही बाई, माती काय करते ते बघा."

आबा मूळचे साक्री तालुक्यातले, पांझराकाठचे. निम्मं आयुष्य जळगावात गेलं तरी 'आमच्याकडे' म्हणजे पांझरा. मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मातीचा विषय निघाला की दोघांनाही चेव येतो. काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात कोपरापर्यंत आत जावा. पहिला पाऊस त्या भेगांतून गटागट पिते. मग फुगते आणि भेगा मिटतात. त्यानंतर वरून कितीही ओता, थेंब खाली उतरायला तासन् तास. तिच्यातलं चिकणद्रव्य मॉन्टमोरिलोनाइट, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे थर, आणि पाणी त्या पानांमध्ये शिरून बसतं. मी हे सांगितलं तर आबा म्हणाले, "म्हणजे चिकट. एवढंच ना?"

एवढंच.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं लॉन कार्पेट टाकून घेतलं. लाल मातीच्या पातळ थरावर वाढवलेलं गवत, टेंपोतून उतरलं तेव्हा सुरळीच्या वड्यांसारखं दिसत होतं. माणसांनी सकाळी येऊन उलगडलं, संध्याकाळी पैसे घेऊन गेले. खाली काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते आबांनी शोधायला लावलं. कोपऱ्यात फूटभर खड्डा खणा म्हणाले. वर दोन बोटं लाल, मग वीतभर काळी, आणि त्याखाली घर बांधताना जेसीबीनं दाबून टाकलेला मुरूम, कुदळ लागली की खण्ण वाजणारा. तीन सवती एकीवर एक. एका थरातलं पाणी दुसऱ्यात सहजी उतरत नाही. वरचा थर पुरता भिजून ओथंबेपर्यंत ते तिथंच लोंबकळतं.

खड्डा एकदा भरून जिरवला आणि संध्याकाळी पुन्हा भरला. सकाळी बघते तर पाणी जवळजवळ तसंच.

"पानी कथा जाई, बाई?" आबा अहिराणीवर आले. खरा मुद्दा आला की येतात.

मग उपायांचा बाजार भरला. समोरच्या बंगल्यातले म्हणाले, ट्रकभर वाळू टाका. आबांनी भिंतीवरूनच निकाल दिला, "काळ्या मातीत मूठ-मूठ वाळू घालाल तर वीट होईल. उन्हाळ्यात घर बांधा तिचं." आबांचं खरं आहे. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त वाळू हवी, म्हणजे मातीच बदलली म्हणायची. खतांच्या दुकानात जिप्सम सुचवलं. चोपण जमिनीत ते कामाचं आहे, सोडियमनं माती बांधली गेली असेल तर. माझी जमीन चोपण नाही, नुसती चेपलेली आहे. तिला दाताळ्यानं भोकं पाडायची आणि त्यांत कुजलेलं शेणखत भरायचं, तेही पाऊस उघडल्यावर. ओल्या काळीत पाय दिला की ती आणखी बसते.

भाच्यानं फोनवरून फ्रेंच ड्रेन सांगितला. उताराच्या बाजूला दीड फूट खोल चर, त्यात भोकांचा पाइप, भोवती खडी आणि सगळ्याला गाळणीचं कापड, नाहीतर आपली बारीक माती दोन पावसाळ्यांत पाइप बुजवते. दहा फुटाला सव्वा इंच उतार दिला की भागलं.

"फ्रान्सहून आणायचा का?" आबा.

इथं मला माझं ज्ञान पाजळता आलं. या चराचा फ्रान्सशी काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच हे अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाचं नाव. शेतातलं पाणी कसं काढावं यावर त्यानं 1859 साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात खुर्चीवर बसलेला जो प्रचंड लिंकन आहे, तो त्याच्या मुलानं घडवला.

"बापानं चर खणले, पोरानं पुतळा केला. नाव कुणाचं झालं?" आबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पांझरावर गेले. तिथल्या फड सिंचनाची गोष्ट मी दहा वेळा ऐकली आहे, पण या वेळी तिचा वेगळाच तुकडा निघाला. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि शेत. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. तीनशे वर्षांहून जुनी रीत, पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठची. हे सगळे सांगतात. आबांचे आजोबा पाटकरी. वाटेत ठिकठिकाणी सांडम असायचे, जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यायला. "आजोबा रात्री कंदील घेऊन निघायचे ते सांडम बघायला. पाणी घ्यायला तर जो तो जागाच असतो. जादा झालेलं कुठं सोडायचं, ते बघायला एक माणूस लागतो."

हे ऐकून मी मुकाट्यानं माझ्या लॉनकडे पाहिलं. तीस बाय वीस फूट. सांडम एकही नाही.

एवढ्यात माई पदराला हात पुसत आल्या. आम्ही आठ दिवस माती, मुरूम, अमेरिका आणि पांझरा करत होतो. त्यांनी एकदाच वर बघितलं.

"बाई, तुमच्या गच्चीचा पाइप कुठं सुटतो?"

लॉनमध्ये. सरळ लॉनमध्ये, पिवळ्या कोपऱ्यापासून चार हातांवर.

मी आत जाऊन आकडे मांडले. पन्नास मिलिमीटरचा एक पाऊस सहाशे चौरस फुटांच्या लॉनवर पडला तर साधारण अठ्ठावीसशे लिटर. हजार फुटांची गच्ची तेवढ्याच पावसात साडेचार हजारांहून जास्त लिटर खाली सोडते. म्हणजे आकाशानं लॉनला दिलं त्याच्या दीडपटीहून जास्त मीच पाइपानं आणून ओतत होते.

"मग गच्चीचं पाणी आमच्या बोअरमध्ये सोडा," आबा खुलले. त्यांची बोअर चार वर्षं कोरडी आहे. "शिरपूर पॅटर्न!" शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी 2004 पासून नाले खोल-रुंद करून पाणी अडवलं, विहिरींना पाझर दिला. तेव्हापासून खानदेशात खड्डा खणणारा प्रत्येकजण शिरपूर पॅटर्नच करत असतो. पण कल्पना वाईट नव्हती. गच्चीचं पाणी, आणि तेवढंच, खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरला. लॉनचं नाही, त्यात माझा युरिया असतो.

राहिलं लॉनचं स्वतःचं पाणी. चर खणला तरी तो संपणार कुठं? रस्त्याकडे नाही. दरवेळी जुन्यावर नवा थर टाकत आमच्या कॉलनीचा रस्ता फाटकापेक्षा फूटभर वर गेला आहे आणि पावसात रस्त्याचंच पाणी मला भेटायला येतं. गवंड्यानं पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. सगळा उतार आबांच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडची जमीन आणखी वीतभर खाली. आणि मध्ये, पायापासून सलग, भोक म्हणून नाही, अशी आमची भिंत.

आम्ही दोघं कोपरं उचलून तिच्याकडे बघत राहिलो. बारा वर्षांपूर्वी निम्मा-निम्मा खर्च करून बांधलेली.

"बंधारा," आबा म्हणाले.

"मोरी पाडू या?"

आबा गप्प. फडातलं सांडम वेगळं आणि स्वतःच्या अंगणात शेजारणीचं सांडम वेगळं. चहा थंड झाला. पुन्हा माईच म्हणाल्या, "सोडा की. मागं अळूचा वाफा करते. सासूबाईंच्या वेळी न्हाणीच्या मोरीवर असायचा तसा. कडेला कर्दळ. त्यांना पाय पाण्यात लागतातच. चार केळी लावायच्या तर गादीवाफ्यावर लावा, रावेरकडचे लावतात तशा, म्हणजे मुळं कुजायची नाहीत." मग अट आली. अळूची पहिली जुडी त्यांची आणि फदफद्याला शेंगदाणे माझे.

श्रावण लागायच्या आत मोरी झाली. चार इंची पाइप, माझ्या बाजूला खडीचा चर, त्यांच्या बाजूला वाफा. खर्च पुन्हा निम्मा-निम्मा. आबांनी भिंतीवर खडूनं 'सांडम क्र. 1' लिहिलं, ते पहिल्याच सरीत पुसलं गेलं. त्या रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी मी चप्पल हातात घेऊनच बाहेर आले. लॉनवर चिखल होता, पण तळं नव्हतं. कप घेऊन भिंतीशी गेले तर आबांच्या आधी माईच उभ्या.

"बाई, मोरीला जाळी लावा आजच्या आज. तुमचा बेडूक आमच्याकडे आला आहे आणि यांनी त्याला अळूत जागा दिली आहे."

"आमचा नाही तो, माई. उतारानं आला."

पलीकडून आबांचं हसू ऐकू आलं आणि त्याच्या मागोमाग बेडकाचं.