साडेनऊ तासांपलीकडचा काका

निवृत्त झाल्यावर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं आमच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं. माझ्याबरोबर निवृत्त झालेले काही जण गोल्फकडे वळले, काहींनी परसात टोमॅटो लावले, एकाने सतार आणली. मी महाराष्ट्र घेतला.

न्यू जर्सीत बसून महाराष्ट्र चालवणं वाटतं तितकं सोपं नाही. पहाटे साडेपाचला मी उठतो तेव्हा तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतात, म्हणजे निम्मा दिवस माझ्या गैरहजेरीत उरकलेला असतो. तो कसा उरकला हे तपासायला मला ई-पेपर, दोन-तीन वृत्तवाहिन्या आणि शाळेच्या वर्गमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लागतो. सात-साडेसातपर्यंत माझी मतं तयार होतात. मग ती घेऊन मी स्वयंपाकघरात जातो. बायको म्हणते, "आधी पोहे खा, मग खातेवाटप करा."

काही विषयांवर मी नुसता हौशी नाही, जाणकार आहे. नोकरीभर मी रस्त्यांवरचं पावसाचं पाणी कुठून कुठे न्यायचं याचे नकाशे काढले. त्यामुळे मुंबई–गोवा महामार्ग मी माझ्याकडेच ठेवला आहे. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११मध्ये सुरू झालं तेव्हा मी नोकरीत होतो. आता मी निवृत्त झालो, रस्ता अजून झालेला नाही. खड्डा पडतो तो पाण्याने. डांबर बिचारं निमित्त. पाणी खालच्या खडीत मुरलं की वर कितीही थर चढवा, तो बसणारच. हे मी मंत्र्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं आहे. मंत्र्यांना ईमेलने, रिक्षावाल्याला समक्ष. रिक्षावाल्याने निदान मान तरी हलवली, पण ती खड्ड्यामुळेही हलली असेल.

या अधिकारावर गदा आली ती अटल सेतूने. पुतण्याने मला मुद्दाम त्यावरून नेलं. २१.८ किलोमीटर, आणि बोट ठेवायला जागा नाही. मी खिडकीबाहेर बघत गप्प बसलो. पुतण्या आरशातून माझ्याकडे बघत होता. अखेर उतारावर मला मुद्दा सापडला. "एका फेरीला अडीचशे रुपये टोल म्हणजे फारच झालं," मी म्हणालो आणि मोकळा झालो. न्यूयॉर्कला जाताना हडसन ओलांडायचे मी याच्या कितीतरी पट पैसे निमूटपणे भरतो, हे त्याला सांगायची त्या वेळी गरज नव्हती.

माझा पासपोर्ट अमेरिकेचा आहे आणि खिशात ओसीआय कार्ड. या कार्डावर भारतात हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पहिल्या दोन बंदींचं मला फारसं दुःख नाही. मतदान केलं की माणूस कुठल्या तरी एका बाजूचा होतो, आणि मला तर सगळ्याच बाजूंना सुनवायचं असतं. तिसऱ्या गोष्टीकडे मी मागाहून येणार आहे, आणि आलो की लवकर उठणार नाही.

मतदानाचा हक्क जिथे आहे तिथे मी तो कसा बजावतो हे विचारू नका. आमच्या गावच्या शाळा मंडळाची निवडणूक असते, मतपत्रिकेवर आठ-दहा नावं असतात आणि मी उच्चारायला सोप्या नावांवर खूण करून येतो. आमचा मेयर कोण, ते मला कचऱ्याच्या वेळापत्रकावर छापलेल्या फोटोवरून कळतं. जून २०२२मध्ये सुरतेहून गुवाहाटीला कुठला आमदार कधी पोचला, ते मात्र झोपेतून उठवून विचारा.

दोन्ही देशांनी एकाच दिवशी मला कामाला लावलं ते ८ नोव्हेंबर २०१६ला. इकडे ट्रम्प की हिलरी याचा फैसला होता. मी मतदानाला निघालो होतो. साडेनऊच्या पुढे फोन घणघणायला लागला. तिकडे रात्री आठच्या भाषणात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या होत्या. मी गाडी वळवली, घरी आलो आणि कपाट उपसलं. अमेरिकेचा अध्यक्ष कोण व्हावा हा प्रश्न संध्याकाळपर्यंत पडून राहिला. पुढच्या वर्षी कायदा झाला, की त्या जुन्या नोटा दहापर्यंतच जवळ बाळगता येतील. माझ्याकडे त्याहून कमी निघाल्या. त्या काळात काळ्या पैशांवर मी जे बोलत होतो, ते इतक्या स्वच्छ कपाटाच्या जोरावर बोलत होतो.

पण कारकिर्दीचा कळस म्हणाल तर २३ नोव्हेंबर २०१९. त्याला सगळा महाराष्ट्र पहाटेचा शपथविधी म्हणतो. आमच्याकडे तो जेवणानंतरचा शपथविधी होता. तिकडे शनिवारची सकाळ, इकडे शुक्रवारची रात्र. मी बडीशेप चघळत टीव्हीसमोर बसलो होतो. राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते आणि महाराष्ट्र पांघरुणात होता. त्याच्या दारात येऊन पडलेल्या वर्तमानपत्रात मुख्यमंत्री भलताच होता. म्हणजे बारा-साडेबारा हजार किलोमीटरांवर बसलेल्या मला जे ठाऊक होतं, ते महाराष्ट्राला अजून उठून कळायचं होतं! मी थोरल्या भावाला फोन लावला.

"दादा, सरकार आलं."

"कुठलं?"

मी सांगितलं. तो काही क्षण गप्प बसला. मग म्हणाला, "तू झोप आता. तिकडे रात्र झाली असेल."

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. दादाने आपणहून फोन करणं म्हणजे घरात कोणी आजारी असणार. पण तो म्हणाला, "तुला कसं रे कळलं?" मी आवाज खाली आणून म्हणालो, "असतात आपली माणसं." ते सरकार चार दिवसांत गेलं. माझा भाव त्याहून बराच जास्त टिकला.

मराठीच्या बाबतीतही मी कडवा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी ओक ट्री रोडवर जाऊन श्रीखंडाचे डबे आणले आणि या दर्जाचं महत्त्व नातवाला इंग्रजीत समजावून सांगितलं. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय २९ जून २०२५ला रद्द झाले, त्यात माझ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांचा वाटा किती हे इतिहास ठरवील.

आता ती तिसरी गोष्ट. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आली तर ठेवता येते. मला आली आहे. संगमेश्वर तालुक्यात आमच्या आजोबांची जमीन आहे आणि तिच्या सातबारावर माझं नाव आहे. हे वाक्य मी इथल्या कुठल्याही पार्टीत कुठल्याही विषयाला जोडू शकतो. कोणी टेस्ला घेतली, की दुसऱ्या मिनिटाला त्याला मी संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरवतो.

सातबारा हल्ली संगणकावर दिसतो. जिल्हा निवडायचा, तालुका, गाव, गट नंबर, मग ती वेडीवाकडी अक्षरं डोळे बारीक करून ओळखायची, की कागद उघडतो. आमच्या इथल्या घराचं कर्ज फिटलं तेव्हा बँकेचं पत्र आलं होतं, ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे मला सांगता यायचं नाही. सातबारा मात्र मी झोपण्यापूर्वी बघतो. वर नमुना सात, म्हणजे मालक कोण. खाली नमुना बारा, म्हणजे पीक काय. मालकांच्या रकान्यात आमची सबंध वंशावळ सामाईकात उभी आहे. त्यातले बरेच जण वारले, पण घरच्यांनी वारसनोंद करायची राहून गेली, त्यामुळे कागदावर ठणठणीत आहेत. मी शाळेत असताना गेलेली आत्या माझ्या बरोबर वरच्या ओळीत आहे. मला हे आवडतं. इकडे आमच्या मंडळाच्या गणपतीला दर वर्षी एखादी खुर्ची रिकामी दिसते. सातबारावर सगळे हजर असतात, आणि कोणी कोणाशी भांडत नाही.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं. मी इंजिनिअर माणूस, एक्सेल उघडलं. हिस्से, पोटहिस्से, आत्यांच्या मुलांचे हिस्से, त्या मुलांच्या मुलींचे हिस्से मांडले, पोटखराबा वजा केला. माझ्या वाट्याला साधारण अर्धा गुंठा आला. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे माझा हिस्सा इथल्या आमच्या दोन गाड्यांच्या गॅरेजपेक्षा जरासा मोठा. तोही नेमका कुठला, ते कोणालाच माहीत नाही, कारण जमिनीची मोजणी होऊन फाळणी झालेलीच नाही. त्यामुळे गावी गेलो की मी त्या जमिनीवर कुठेही उभा राहिलो तरी 'ही आपली' असं म्हणू शकतो. फाळणीला माझा विरोध आहे.

नमुना बारावर आमची जमीन पड दाखवली आहे. हे मला सहन होत नाही. २०२१पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे; शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. मी पुतण्याला म्हटलं, जा, उभा राहा, नोंदव.

"कसलं पीक, काका?"

"बांधावर काजू आहे ना?"

"तो शेजाऱ्यांचा."

"पण सावली आपल्याकडे पडते."

सावलीला त्या अ‍ॅपमध्ये रकाना नाही. यावर मी महसूलमंत्र्यांना लिहिणार आहे.

बायको एकदा वैतागून म्हणाली, "एवढ्याशा तुकड्यात तुम्हाला धड आडवं तरी होता येईल का?" मी टेप घेऊन गॅरेजमध्ये मोजून दाखवलं. चांगलं ऐसपैस होता येतं. त्यावर ती काही बोलली नाही.

ती जमीन सांभाळली दादाने. गवत तो कापायचा, सारा तो भरायचा, गडगा ढासळला की तो रचायचा. मी मतं पाठवायचो. मार्च २०२०मध्ये करोना आला, तसा ओसीआय कार्डावरचा व्हिसामुक्त प्रवेश स्थगित झाला आणि मागोमाग आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. एप्रिलमध्ये दादा गेला. रात्री छातीत दुखलं आणि सकाळी नव्हता. घरात मृत्यू झाला असेल तर ओसीआयवाल्यांना येऊ देण्याची सवलत निघाली ती मेच्या उत्तरार्धात. तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. पुतण्याने फोन धरला होता, त्याचा हात हलत होता, आणि त्या हलणाऱ्या चौकोनात मी दादाला शेवटचं पाहिलं. मंत्रिमंडळाच्या प्रत्येक खात्यावर माझं मत तयार असतं. त्या वेळी एक वाक्य सुचेना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आहात ना तिकडे?" मी म्हटलं, "आहे."

तेव्हा सगळं जग बंद होतं. माझ्यासारखे हजारो जण होते, आणि दोन गावांमधली एसटीही चालत नव्हती. मला हे कळतं. तरी जन्मभरासाठी म्हणून दिलेल्या त्या कार्डाचा मला राग आला होता, तो गेलेला नाही. 'तुम्ही देश सोडून गेलात, आता तुम्हाला बोलायचा काय हक्क,' असं कोणी सुनावलं, की मी महामार्गाच्या खडीवर जरा जास्तच चढ्या आवाजात बोलतो. ते खडीचं नसतं.

पुढे विमानं सुरू झाल्यावर गावी गेलो. पडवीत चहा घेताना पुतण्याने एक गुपित फोडलं. दादा माझा फोन स्पीकरवर ठेवायचा. शेजारचे दोघे-तिघे येऊन बसायचे, आणि मी किती मिनिटांत 'आमच्याकडे असं नसतं' म्हणतो यावर चहाची पैज लागायची. दादा बहुतेक वेळा जिंकायचा.

"कसा काय?" मी विचारलं.

"वेळ होत आली की ते तुम्हाला विचारायचे, मग तुमच्याकडे रस्ते कसे असतात रे?"

आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की दादाला अमेरिकेतल्या रस्त्यांबद्दल भारी उत्सुकता आहे. अर्धा-अर्धा तास मी त्याला उताराचं प्रमाण समजावून सांगितलं आहे!

तो चहा कोण पाजायचा, हेही विचारून घेतलं. तो काजूवाला शेजारी. म्हणजे आमच्या जमिनीवर सावली टाकल्याचं भाडं दादा माझ्या तोंडून वसूल करत होता. माझ्या मतांचा महाराष्ट्रात कोणाला काही उपयोग झाल्याचं हे एकमेव उदाहरण, आणि ते मी आता इकडच्या पार्ट्यांमध्ये सातबाराच्या जोडीला सांगतो.

तुमच्याही घराण्यात असा एखादा काका किंवा मामा असेल. त्याची मतं पटत नसतील तर भांडा, पैजा लावा, त्याच्या जिवावर चहा प्या. फक्त रविवारी 'मीटिंगमध्ये आहे' असं सांगू नका. तुम्ही ऑनलाइन आहात हे इकडे दिसतं. आणि ज्यांना आमचा फोन येतो त्यांच्यासाठी एक सूचना : नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमची घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हापासून मार्चपर्यंत फोन तासभर उशिरा येईल.