बसल्या जागी कोलांटउडी

दुसऱ्याच्या उडीतली चूक काढण्याइतकं सोपं काम जगात नाही. त्याला व्यायामशाळेत जावं लागत नाही, गुडघे धड असावे लागत नाहीत, खुर्चीतून उठावंही लागत नाही. टीव्ही चालू असावा आणि हाताशी चघळायला काहीतरी असावं, एवढ्या भांडवलावर माणूस थेट आंतरराष्ट्रीय पंच होतो.

जनतेच्या या सुप्त गुणांना वाव द्यायचं पुण्यकर्म ब्रिटनच्या बीबीसीने २०१४ च्या ऑगस्टमध्ये केलं. ‘टंबल’ नावाचा कार्यक्रम, दर शनिवारी संध्याकाळी. दहा नामवंत, प्रत्येकाच्या जोडीला एक खराखुरा जिम्नॅस्ट, सूत्रसंचालनाला अ‍ॅलेक्स जोन्स आणि समोर चार परीक्षक. नामवंतांनी उड्या मारायच्या, लटकायचं, गरगरायचं आणि शेवटी दोन पायांवर उभं राहायचं. यातली शेवटची अट सगळ्यांत कडक.

मंडळी कोण होती पाहा. मुष्टियोद्धा कार्ल फ्रॉच. त्याने ३१ मे रोजी वेम्ब्लीच्या मैदानात ८० हजार लोकांसमोर जॉर्ज ग्रोव्ह्जला आठव्या फेरीत आडवा केला होता, आणि ऑगस्टमध्ये हाच गृहस्थ शनिवारच्या संध्याकाळी सहकुटुंब पाहण्याजोग्या कोलांट्या मारत होता. पीटर डंकन हा साठ वर्षांचा. मुलांच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमासाठी त्याने एकेकाळी बिग बेनच्या घड्याळाची तबकडी पुसली होती, म्हणजे उंचावर लटकण्याचा अनुभव दांडगा. ‘डायनेस्टी’ मालिकेतली एमा सॅम्स होती. आधी हवामानाचा अंदाज सांगणारी आणि नंतर ‘लूज विमेन’मध्ये गप्पा मारणारी अँड्रिया मॅक्लीन होती. ‘स्टेप्स’ या गायकवृंदातला एच होता. ही माणसं एका छपराखाली आणायची तर कारण जिम्नॅस्टिक्सइतकंच असंबद्ध हवं.

ही कल्पना सुचली कशी असेल, याचा एक तर्क मांडता येतो. लुई स्मिथ या जिम्नॅस्टने लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ ही नाचाची स्पर्धाही जिंकली. बेथ ट्वेडल या जिम्नॅस्टने लंडनमध्येच कांस्यपदक घेतलं आणि पुढच्या वर्षी ‘डान्सिंग ऑन आइस’ जिंकून टाकली. सिद्ध काय झालं? जिम्नॅस्टला नाचता येतं. मग टीव्हीच्या दुनियेत त्याचा व्यत्यासही खरा धरायला कितीसा वेळ लागतो! सर्जनला भाजी सुरेख चिरता आली, म्हणून भाजीवाल्याला अपेंडिक्स काढायला बोलवावं, तसं हे गणित. फक्त इथे रुग्णाच्या जागी प्रेक्षक होता.

आणि प्रेक्षक हा या कार्यक्रमाचा खरा जिम्नॅस्ट. पडद्यावरच्या मंडळींनी सहा आठवड्यांत मारल्या नसतील इतक्या कोलांट्या त्याने एका शनिवारी, मांडीवरची बशी सांडू न देता मारल्या.

पहिला मान तज्ज्ञ प्रेक्षकाचा. त्याचं शिक्षण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पूर्ण झालेलं. तिथे ब्रिटनच्या पुरुष संघाला आधी रौप्य मिळालं, मग जपानने आपल्या उचिमुरा या जिम्नॅस्टच्या पॉमेल हॉर्स या साधनावरच्या गुणांविरुद्ध दाद मागितली, जपान वर सरकला आणि ब्रिटनच्या हाती कांस्य उरलं. त्या पाच-दहा मिनिटांत अवघा देश पॉमेल हॉर्सचा नियमज्ञ झाला. दोन वर्षांनी हे ज्ञान वापरायची संधी चालून आली, आणि समोर कोण, तर हवामानवाल्या बाई. तरी तो डगमगला नाही. ‘घोटे सुटले,’ तो म्हणाला. ‘पंजे ताणलेले नव्हते.’ हे म्हणताना त्याचे स्वतःचे पंजे स्टुलावर होते आणि एका मोज्याला भोक होतं.

दुसरा न्यायप्रिय. त्याला स्पर्धा समतल जमिनीवर हवी. जॉन पार्ट्रिज पडद्यावर आला की याचं रक्त तापतं. पार्ट्रिज रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकलेला, ‘कॅट्स’मध्ये नाचलेला. त्याला लवचिकता येते, हा उघड अन्याय! बॉबी लॉकवूड हा मुलांच्या ‘वुल्फब्लड’ मालिकेतला नट तरुण आहे, हा त्याहून मोठा अन्याय. मग पीटर डंकन येतो. न्यायप्रिय प्रेक्षक म्हणतो, ‘साठीच्या माणसाला कशाला छळता?’ म्हणजे ज्याला येतं त्याला घेऊ नये, आणि ज्याला येत नाही त्याला तर मुळीच घेऊ नये. उरतो तो खरा पात्र उमेदवार, आणि तो सोफ्यावर बसलेला असतो.

तिसरा करदाता. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहायला परवाना लागतो आणि त्या काळी त्याची वर्षाची फी १४५ पौंड ५० पेन्स होती. हा आकडा सरासरी ब्रिटिश माणसाला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा चांगला पाठ असतो. ‘माझे पैसे यासाठी?’ असं विचारत तो कार्यक्रम पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहतो. मध्येच उठला तर पैसे वाया जातील. फ्रॉचच्या प्रत्येक कोलांटीत आपला एक शतांश पेनी गुंतला आहे, ही भावना त्याला खुर्चीत जखडून ठेवते. आवडता कार्यक्रम माणूस अर्ध्यावर सोडू शकतो, पण नावडता सोडायची त्याची छाती होत नाही.

चौथा कनवाळू, आणि सगळ्यांत धोकादायक तोच. कुणी रिंगांना लटकलं की हा डोळ्यांवर हात घेतो, बोटांमधली फट मात्र शाबूत. ‘अगं बाई, पडेल ना!’ ती व्यक्ती पडत नाही. टाळ्या होतात. कनवाळू प्रेक्षक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, ‘आज काही मजा नाही आली.’ पुढच्या आठवड्यात कुणी खरंच गडगडलं की तो निर्मात्यांच्या काळजाला हात घालतो. माणसांच्या जिवाशी खेळता, लाज नाही वाटत?

ही कनवाळू कोलांटी पुढे दुसऱ्या वाहिनीवर फार वरच्या दर्जाला पोचली. चॅनल फोरच्या ‘द जम्प’मध्ये नामवंतांना बर्फावर घसरायला आणि उंचावरून उडी मारायला लावत. २०१६ मध्ये तिथे सराव करताना तीच बेथ ट्वेडल अडथळ्यावर आदळली आणि तिच्या मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. जलतरणपटू रेबेका अ‍ॅडलिंग्टनचा खांदा निखळला. टूर द फ्रान्स जिंकलेल्या ब्रॅडली विगिन्सचा पुढच्या वर्षी पाय मोडला. नोंद घ्या, या तिघांकडे मिळून ऑलिंपिक पदकांची अख्खी तिजोरी आहे. पडण्याच्या कामात अनुभवाचा उपयोग होत नाही. तेव्हा ‘नामवंतांना काही जमत नाही’ म्हणणारे आणि ‘हे प्रकार बंद करा’ म्हणणारे प्रेक्षक एकच होते. मधल्या वेळात त्यांनी फक्त चहा घेतला होता.

आता परीक्षकांकडे येऊ. चौघांत एक होती नादिया कोमानेची. १८ जुलै १९७६, माँट्रियल. चौदा वर्षांच्या या रोमानियन मुलीने ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा पैकीच्या पैकी १० गुण मिळवले, तेव्हा गुणफलक गोंधळला. त्याला १० दाखवता येत नव्हते, कारण इतकं निर्दोष कुणी असेल हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं नव्हतं. त्याने १.०० दाखवले. शेजारी लुई स्मिथ. लंडनमध्ये पॉमेल हॉर्सवर त्याचे आणि हंगेरीच्या बर्कीचे गुण अगदी सारखे, १६.०६६. बर्कीची सफाई किंचित सरस म्हणून सुवर्ण त्याला आणि स्मिथला रौप्य. ज्याच्या आयुष्याचं सोनं केसाच्या अंतराने हुकलं, तो माणूस आता एका गायकाची पुढची कोलांटी सरळ रेषेत गेली का, हे गंभीरपणे तपासत होता.

प्रेक्षक यावर काय म्हणाला? ‘नादिया जरा जास्तच कडक आहे.’ पुढच्या स्पर्धकाला ‘नादिया फारच सैल सोडते.’ जवळपास पन्नास वर्षं खेळाशी नातं असलेल्या बाईला, पन्नास मिनिटं खेळ पाहिलेल्या माणसाने दिलेला हा अभिप्राय. १९७६ मध्ये फलकाला दहा दाखवता येत नव्हते. प्रेक्षकाचा फलक त्याहून जुना, त्याला स्वतःशिवाय कुणाचेच गुण दाखवता येत नाहीत.

बरं, याच्या हाती निकाल दिला तर तो गुणवत्तेला न्याय देईल, अशी भाबडी आशा कुणाला असेल तर त्याने ‘स्ट्रिक्टली’चा इतिहास वाचावा. २००८ मध्ये जॉन सार्जंट नावाचे राजकीय पत्रकार नाचायला आले. परीक्षक त्यांना आठवड्यामागून आठवडे तळाचे गुण देत आणि जनता त्यांना आठवड्यामागून आठवडे मतं देऊन वाचवत असे. अखेर सार्जंट यांनीच माघार घेतली, कारण आपण चुकून जिंकू अशी त्यांना भीती वाटू लागली होती. दोन वर्षांनी माजी मंत्री अ‍ॅन विडकम आल्या. त्यांना जोडीदार अक्षरशः फरशीवरून फरफटत नेई, आणि त्या दहाव्या आठवड्यापर्यंत टिकल्या. निवडणुकीत ज्यांना पाडायला लोक टपलेले असतात, त्यांना नाचात कुणी पडू देत नाही.

‘टंबल’ १३ सप्टेंबरला संपला. बॉबी लॉकवूड जिंकला, म्हणजे जो तरुण होता आणि ज्याला जमत होतं तोच. न्यायप्रिय प्रेक्षकाच्या मते हा निकाल अपेक्षित होता आणि म्हणूनच अन्यायकारक होता. दुसरं पर्व निघालंच नाही. ते निघालं नाही तेव्हा, ‘चांगलं काही टिकूच देत नाहीत’ असं म्हणणारे करदातेही निघाले असतीलच. तोवर ‘स्ट्रिक्टली’ सुरू व्हायची वेळ झाली होती आणि तज्ज्ञांनी घोटे सोडून टाचांकडे लक्ष वळवलं होतं.

इंग्रजांवर हसून झालं असेल तर आता आपण स्वतःकडे वळू. ‘टंबल’ सुरू होण्याच्या जेमतेम दहा दिवस आधी, त्याच ब्रिटनमध्ये, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने व्हॉल्टवर कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलात जिम्नॅस्टिक्सचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवशी आपल्याकडे किती सोफे हलले, याची आठवण न काढणं बरं. मग १४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आली. रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दीपा उतरली, आणि अकरापर्यंत ज्यांना व्हॉल्ट म्हणजे बँकेतली तिजोरी वाटत होती ते साडेअकराला तिच्या प्रोदुनोव्हा उडीचे भाष्यकार झाले. ‘दोन गिरक्या हवेत, मग उतरणं.’ ‘काठिण्य सात पूर्णांक शून्य, समजलं का?’ ‘जरा खाली बसली हो, नाहीतर होतंच.’ ती १५.०६६ गुणांनी चौथी आली, कांस्य ०.१५० ने हुकलं, आणि आपण त्या ०.१५० चं दुःख असं केलं की जणू लहानपणापासून पहाटे चारला उठून आपणच तिला मैदानावर सोडत होतो.

हे सगळं पाहून एक रीतसर प्रस्ताव मांडावासा वाटतो. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सने २००६ पासून जुना दहाचा कमाल आकडा काढून टाकला. आता काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे. छोट्या चुकीला ०.१ वजा, मोठीला ०.५, पडलात तर १ वजा. हीच पद्धत प्रेक्षकांना लावावी. खेळाचं नाव माहीत नसताना मत देणं, ही मध्यम काठिण्याची कसरत. ‘फारच सोपं आहे’ आणि ‘फारच धोकादायक आहे’ ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणं, ही दुहेरी गिरकी. नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्स शिकवणं, ही सर्वोच्च श्रेणी. बोलताना शेवचिवड्याचा घास पडला तर ०.१ वजा. मधल्या जाहिरातीत झोप लागली तर पूर्ण एक.

या पद्धतीत ब्रिटिश प्रेक्षकांना पदक नक्की मिळेल, पण सुवर्ण त्यांचं नाही. आपण १४ ऑगस्टला जिम्नॅस्टिक्समधून उसळलो, तीन दिवसांनी साक्षी मलिकच्या कुस्तीत एक गिरकी घेतली, सिंधूच्या बॅडमिंटनमध्ये दुसरी, आणि २७ ऑगस्टला फ्लोरिडात भारत वेस्ट इंडीजकडून एका धावेने हरला तेव्हा थेट क्रिकेटवर उतरलो. दोन्ही पाय जुळलेले, हात वर, एक पाऊलही इकडेतिकडे नाही.