यादीभांडण : प्रारंभिक ते अलंकार

परदेशी मासिकाने आजवरच्या सर्वश्रेष्ठ (किंवा सर्वांत कूल, विशेषण कोणतंही असो, वाद तोच) अल्बमची यादी छापली की रॉक ऐकणारा माणूस तीन कामं करतो. आपला लाडका अल्बम कितवा आलाय ते शोधतो. तो एवढा खाली कसा, म्हणून संतापतो. मग त्याच्या वर कोण बसलंय ते पाहून पुन्हा संतापतो. इथवर शिक्षण लागत नाही. अडचण पुढे येते : समोरच्याशी भांडायचं कसं?

ही विद्या इंग्लंड-अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या दुकानांत वाढली. निक हॉर्नबीच्या १९९५च्या 'हाय फिडेलिटी' कादंबरीत लंडनमधल्या अशाच दुकानातली मंडळी गिऱ्हाईक सोडून पहिल्या पाचांच्या याद्या करत बसतात. तिकडे घराणी आहेत, परीक्षा मात्र नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी गांधर्व महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर हा अभ्यासक्रम बेतला आहे. गाता येणं, वाजवता येणं किंवा तालाची जाण असणं, यांपैकी कशाचीही अट नाही.

नेमलेलं पुस्तक

'रोलिंग स्टोन'ची ५०० अल्बमची यादी. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या या मासिकाने ती २००३मध्ये छापली, २०१२मध्ये तिची डागडुजी केली आणि २०२०मध्ये नव्याने मतदान घेऊन ती पुन्हा रचली. तिन्ही आवृत्त्या हाताशी ठेवाव्यात. एकाच आवृत्तीवर भांडणारा विद्यार्थी अर्ध्या तासात कोरडा पडतो.

प्रारंभिक

या पायरीला दोनच शब्द पाठ करायचे. आपल्या अल्बमच्या वर जे असेल ते 'ओव्हररेटेड'. आपला अल्बम 'अंडररेटेड'. बाकीच्यांबद्दल मौन.

सरावासाठी बीच बॉइजचा १९६६चा 'पेट साउंड्स' घ्यावा. तो तिन्ही आवृत्त्यांत दुसरा आहे. 'खरा पहिला हाच,' असं शांतपणे म्हणायचं. बीटल्सवाला चिडतो, पण फार चिडता येत नाही, कारण खुद्द पॉल मॅकार्टनीने या अल्बमचं तोंडभरून कौतुक केलेलं आहे आणि 'सार्जंट पेपर' घडवताना बीटल्सच्या डोक्यात तो होता. प्रारंभिकला भांडण सुरू करता आलं की पास.

प्रवेशिका

विषय : पहिला क्रमांक. २००३ आणि २०१२मध्ये तो 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'चा होता. २००३च्या पहिल्या दहांत एकट्या बीटल्सचे चार अल्बम होते. २०२०मध्ये 'सार्जंट पेपर' घसरून २४वर आला आणि पहिल्या जागी मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' बसला. जोनी मिचेलचा 'ब्लू' ३०वरून ३वर आला, तर लॉरिन हिलचा १९९८चा अल्बम तीनशेच्या पलीकडून थेट १०वर. गाणी तीच होती. मतदारयादी बदलली होती.

इथे समोरच्याचं वय पाहून बाजू निवडावी. केस पांढरे असतील तर 'चोविसावा? तोसुद्धा जास्तच झाला' म्हणावं. विशीतला असेल तर 'चार ट्रॅकच्या यंत्रावर त्या पोरांनी काय करून ठेवलं, ते तुला लॅपटॉपवर कळायचं नाही' असं सुनवावं. स्वतःचं वय मध्ये आणू नये. मार्विन गेच्या बाजूने लढायचं असेल तर एक हुकमी पान आहे : मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा मालक बेरी गॉर्डी याला ते शीर्षकगीत बाजारात आणायचंच नव्हतं. चालणार नाही, असं त्याचं मत होतं. १९७१मध्ये ते आलं आणि तुफान चाललं. मालकालाच कळलं नव्हतं म्हटल्यावर प्रतिपक्षाला कुठून कळणार?

मराठी विद्यार्थ्यांना एक राखीव मुद्दा. 'सार्जंट पेपर'मधल्या जॉर्ज हॅरिसनच्या भारतीय वळणाच्या गाण्यात लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे वादक आहेत. मूळ वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. त्यांतल्या एका दिलरुबावादकाचं नाव अण्णा जोशी. आडनावापलीकडे काहीही ठाऊक नसताना 'आपला माणूस होता हो!' म्हणून अल्बम पहिल्या क्रमांकावर परत नेण्याचा मोह होईल. तो आवरावा. वाद ऐन रंगात आला की मग हा मुद्दा बाहेर काढावा.

मध्यमा

आता मासिकाचं दप्तर उघडायचं. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमला १९६९मध्ये याच 'रोलिंग स्टोन'ने झोडपलं होतं. २००३मध्ये त्यालाच २९वं आसन दिलं. निर्व्हानाचा 'नेव्हरमाइंड' १९९१मध्ये आला तेव्हा त्याला पाचपैकी तीन तारे मिळाले. पुढे तो १७वा आणि मग ६वा झाला. हे दाखले दोन्ही बाजूंनी चालतात. आपला अल्बम वर गेला तर 'उशिरा का होईना, कळलं.' खाली गेला तर 'यांना कधी काय कळलंय?'

एका मासिकाने निराश केलं तर दुसऱ्याकडे जावं. ब्रिटिशांचा कौल वेगळा असतो. 'एनएमई'च्या २०१३च्या यादीत स्मिथ्सचा 'द क्वीन इज डेड' पहिला होता. 'क्यू'च्या वाचकांनी १९९८मध्ये आदल्याच वर्षी आलेल्या रेडिओहेडच्या 'ओके कॉम्प्युटर'ला आजवरचा सर्वश्रेष्ठ ठरवून टाकलं होतं. वापरून झाल्यावर हे मासिकही भंगार आहे, असं म्हणायची मुभा आहे.

विशारद

इथून पुढे खपलेल्या अल्बमचं नाव काढायचं नाही. कूलपणाचा नियम सोपा आहे : जितका कमी खप, तितकं वजन जास्त. वेल्वेट अंडरग्राउंडचा १९६७चा पहिला अल्बम, अँडी वॉरहॉलच्या केळ्याचं चित्र असलेला, तेव्हा फारसा कोणी घेतला नाही. पण ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाने बँड काढला, अशा अर्थाचं वाक्य ब्रायन इनोच्या नावावर फिरतं. विशारदाने ते अशा आवाजात सांगावं की आपणही त्या थोडक्या गिऱ्हाइकांत होतो असं वाटावं.

त्यानेही भागलं नाही तर कॅप्टन बीफहार्टचा 'ट्राउट मास्क रेप्लिका' काढावा. १९६९, फ्रँक झॅपाची निर्मिती, दोन तबकड्या, २८ तुकडे, आणि प्रत्येक वाद्य वेगळ्या घरी निघाल्यासारखं. हा आवडतो असं म्हणणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची हिंमत सहसा कोणी करत नाही. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' भरपूर खपलेला असूनही चालतो. जॅझचं नाव निघालं की रॉकवाले मान डोलावतात.

शेवटचं अस्त्र मोनोचं. 'कुठलं मिक्स ऐकलंस?' एवढंच विचारायचं. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिक्सवर बीटल्स स्वतः बसले होते. स्टिरिओचं काम त्यांनी इतरांवर सोडलं. 'पेट साउंड्स' तर मुळात मोनोच. तो घडवणाऱ्या बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. म्हणजे समोरच्याने तो अल्बम ऐकलेलाच नाही, हे आता सिद्ध झालं.

अलंकार

इथे यादी कशी बनते ते शिकायचं. २०२०च्या वेळी तीनशेहून अधिक कलाकार, समीक्षक आणि धंद्यातल्या मंडळींनी प्रत्येकी पन्नासपर्यंत अल्बमची नावं कळवली. त्यांत बियॉन्से होती, टेलर स्विफ्ट होती. या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करून उतरंड रचली गेली. म्हणजे छापून आलेली यादी जशीच्या तशी कोणीच पाठवलेली नव्हती. ती कुणाचीही आवड नाही. मनापासून तिची बाजू घेईल असा माणूस मासिकाच्या कचेरीतही सापडायचा नाही. म्हणून तर तिच्यावर प्रत्येकाला तुटून पडता येतं.

आणि तिचा उपयोगही हाच आहे. 'ब्लू' का आवडतो, असं एखाद्याला सहज विचारा. 'छान आहे,' म्हणून तो मोकळा होईल. तोच अल्बम यादीत तिसावा लावून त्याच्यापुढे ठेवा. मग तो आवाजाबद्दल बोलेल, पियानोबद्दल बोलेल, तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं तेही सांगेल, आणि अर्धा तास थांबणार नाही. बरोबर लागलेली यादी कोणाला बोलतं करत नाही.

नमुना प्रश्नपत्रिका

१. 'ओव्हररेटेड' हा शब्द न वापरता बीटल्सविरुद्ध पाच वाक्यं बोला.

२. फरक स्पष्ट करा : 'मला आवडत नाही' आणि 'वाईट आहे'. (या प्रश्नाला पर्याय दिला जाईल.)

३. कारणे द्या : 'पेट साउंड्स' तिन्ही वेळा दुसराच.

४. आपल्या लाडक्या अल्बममधलं एक कंटाळवाणं गाणं मान्य करा. (धीट विद्यार्थ्यांसाठी.)

५. प्रात्यक्षिक : प्रतिपक्षाने घसा फोडून ज्याची बाजू मांडली, तो अल्बम घरी जाऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आवडला तर त्याला कळवू नका.