मेल मिळाला, सही केली

मा. समन्वयक, हरित परिसर समिती,
आमचे महाविद्यालय, घोडबंदर रोड, ठाणे



मॅडम, 'कागद वाचवा, वसुंधरा वाचवा' हा आपण सर्वांना धाडलेला मेल सकाळी मिळाला. दुपारी तोच पुन्हा मिळाला, छापून. शिपाईमामा नोटीस वही घेऊन भर तासाला वर्गात आले आणि मी सही केली. तळाशी हिरव्या अक्षरांत होते: गरजेशिवाय प्रिंट काढू नये. गरज होतीच. नाहीतर मेल पोहोचला याला पुरावा काय?

मग 'स्तुत्य उपक्रम', 'अभिनंदन मॅडम' अशी उत्तरेही सर्वांना गेली. त्यांच्याही प्रिंट फाइलला लागल्या म्हणतात. फाइल हिरवीच आहे ना?

त्याआधीच्या मेलमध्ये आपण सायकलने यायला सुचवले होते. गायमुखच्या घाटातून उतरणाऱ्या ट्रेलरवाल्यांना तसे कळवले आहे का? वडाळा-कासारवडवली मेट्रोसाठी वर्षानुवर्षे खोदलेल्या या रस्त्यावर सायकल खांद्यावरूनच आणावी लागेल. 'पाणी जपून वापरा' आला तेव्हा फाटकात टँकर उभा होता. ते सोडून देतो.

सोडवत नाही ते वेगळेच. हे मेल आम्हाला लिहिलेलेच नाहीत, ते महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला लिहिलेले आहेत. तिथे हरित आणि ऊर्जा लेखापरीक्षण विचारतात, फोटोवर अक्षांश-रेखांश लागतात. म्हणून ५ जूनला रोप लावताना सगळे मोबाइलकडे बघतात. ते रोप कधीच वाळले. फोटोत अजून टवटवीत आहे. त्याला पाणी घाला, असा मेल कुणाला गेला? राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे आणि आमच्या कॅन्टीनमागे ताटल्या जळतात! समोर येऊरचा डोंगर, नाकात तो धूर, आणि आम्ही खोकत सह्या करायच्या? लाज वाटते हो.

तुमच्यावर चिडून उपयोग नाही, हेही कळते. तुम्ही तासिका तत्त्वावर. कायमवाल्यांनी अंग काढून घेतले आणि समिती तुमच्या गळ्यात पडली. रात्री जागून मेल लिहिता, त्याचे मानधन नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गळक्या नळासाठी तुम्ही कार्यालयाला अर्ज दिलात, तो 'योग्य मार्गाने यावे' असा शेरा घेऊन परत आला, हे मामांनी सांगितले. सर्वांना मेल करायचा अधिकार तुम्हाला दिला. नळाचा वायसर बदलायचा दिला नाही.

तर पुढचा मेल त्या नळाचाच करा. सर्वांना, शेऱ्याच्या फोटोसकट. प्रिंट मी काढतो, सह्यांसाठी वहीही मीच फिरवतो.

आपला,
एक सहीकर्ता