मागे आवाज येत नाही

कऱ्हा नदी आमच्याकडे सासवडहून येते. तिकडे कोडीत गावात १८९८ साली आचार्य अत्रे जन्मले. पुढे त्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असं नाव दिलं आणि त्याचे एवढे खंड लिहिले की तेवढं पाणी आम्ही बारामतीकरांनी नदीत क्वचितच पाहिलंय. हीच कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते, आणि नीरेकाठी अकलूजला १९२७ साली द. मा. मिरासदार जन्मले. वर अत्रे, खाली मिरासदार. मधल्या मधे आम्ही बारामती-इंदापूरवाले. आमच्या वाट्याला चिठ्ठ्या आल्या.

म्हणजे श्रोत्यांच्या चिठ्ठ्या. गावातल्या व्याख्यानमालेत मी गेली बावीस वर्षं चिठ्ठीवाला आहे. वक्ता बोलत असताना वाकून वाकून रांगांमधून फिरायचं, चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि निवडून व्यासपीठावर द्यायच्या. मोरोपंतांनी याच बारामतीत बसून १०८ रामायणं रचली. त्या काळी चिठ्ठीची पद्धत नसावी. असती तर ‘आता आवरतं घ्यावं’ अशी चिठ्ठी चौथ्या-पाचव्या रामायणालाच गेली असती.

एका वर्षी आलेले पाहुणे हसवणारेही होते आणि मुलाखती घेणारेही. पुलंनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली आणि दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखतही घेतली. त्याच वाटेवरचे हे एक जुने वारकरी. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती. सत्तरी ओलांडलेली, खांद्याला शबनम. आयुष्यभर दुसऱ्याला प्रश्न विचारले, आज तुम्ही विचारा, असं म्हणून ते खुर्चीत रेलले.

पहिल्या चार चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे ‘मागे आवाज येत नाही’ अशा. पाचवी, ‘एमएच ४२ पांढरी बोलेरो दारात आडवी लावली आहे, काढणे.’ आमच्याकडे ही खूण म्हणजे ‘पांढरी टोपी घातलेला माणूस’ म्हणण्यासारखं. अकरा जण उठून बाहेर गेले.

मग खरे प्रश्न सुरू झाले. आपली शेती किती? पाहुणे म्हणाले, “पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीत एक तुळस आहे.” मागून आवाज आला, “बागायती का जिरायती?” पाहुण्यांनी त्या माणसाला उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, “मानधनाचं पाकीट यांना द्या.” पाकीट माझ्या खिशात होतं. मी उगाच खिसा चाचपला.

आमच्या लोकांना प्रश्नासाठी कोरा कागद वापरणं म्हणजे उधळपट्टी वाटते. एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेचा कोपरा, कारखान्याची काटापावती, जे हाताला लागेल त्यावर प्रश्न. एकानं विचारलं होतं, ‘आयुष्यात यशस्वी होण्यासाठी काय करावे?’ पाहुण्यांनी कागद उलटला. मागे डॉक्टरचं अक्षर. ते त्यांनी गंभीरपणे वाचलं, “जेवणानंतर एक, झोपताना अर्धी.” सभागृह दोन मिनिटं हसत होतं. ज्याची चिठ्ठी होती तो मात्र कार्यक्रम संपल्यावर ती मागायला आला. औषधं घ्यायची राहिली होती.

एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, समोरचा उत्तर टाळत असेल तर तुम्ही काय करता? “काहीच नाही. गप्प बसतो,” ते म्हणाले. आणि खरंच गप्प बसले. दहा सेकंद, वीस सेकंद. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. कुणीतरी खोकलं. शेवटी तिसऱ्या रांगेतल्या आजोबांना राहवेना. “अहो, बोला की! आमचंच काय चुकलं का?” पाहुणे मुलीकडे बघून म्हणाले, “बघ, बोलले.” बावीस वर्षांत मुलाखतीच्या कलेवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. हे सर्वांत छोटं होतं.

आता माझी चूक. खजिनदार आप्पांनी पाकीट देताना बजावलं होतं की निघताना, कुणाच्या नजरेस न पडता द्यायचं. मी ते चिठ्ठ्यांच्याच खिशात ठेवलं होतं. शेवटचा गठ्ठा दिला त्यात तेही गेलं. वरचीच चिठ्ठी होती, ‘आजचे मानधन किती घेतले?’

पाहुण्यांनी ती वाचली. मग खालचं पाकीट उचलून तळहातावर तोललं. “याचं उत्तर संयोजकांनी सोबतच जोडलंय,” असं म्हणून त्यांनी ते उघडलं आणि चष्मा सावरून, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. सभागृहही मनातल्या मनात मोजत होतं. मग माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, “पाचशे कमी आहेत.”

आप्पा पहिल्याच रांगेत. ते उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. शेवटी म्हणाले, “हार, नारळ आणि शालीचे वळते केलेत.”

“मग शाल परत घ्या,” पाहुणे म्हणाले. “मला पाचशेच बरे. शालींचं तर घरी दुकान निघेल.”

लोक बाकांवर हात आपटत होते. आप्पांनी स्वतःच्या खिशातून पाचशेची नोट काढली आणि व्यासपीठावर नेऊन दिली. शाल घडी करून परत आणली, ती पुढच्या वर्षीच्या वक्त्याला घातली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा कार्यक्रम इंदापूरला होता. पोचवायला मीच गेलो. गाडीत ते मला एक शब्दही बोलले नाहीत, झोपले होते. तिथं चिठ्ठ्या गोळा करणारा दुसरा होता, म्हणून मी मागे निवांत बसलो. पहिली चिठ्ठी गेली. मला वाटलं, आवाजाची असेल.

पाहुण्यांनी मोठ्यानं वाचली, “पाचशे मिळाले का?”

मिळाले, म्हणाले.